बाळआकडा

ईश्वरीच्या पोटात काय चाललंय, हे ईश्वरीपेक्षा तिच्या नवऱ्याच्या मोबाइलला जास्त ठाऊक होतं. विजयमालाबाईंना ही गोष्ट पहिल्या दिवसापासून खटकत होती. पण जावयाच्या मोबाइलबद्दल सासूने काय बोलायचं? विटा डेपोत बावीस वर्षं कंडक्टरकी केलेली बाई ती. दारात लोंबकळणाऱ्या बाप्यांना एका हाकेत आत रेटणारी, राखीव सीटवरून आमदाराच्या पुतण्यालाही उठवणारी. नवरा लवकर गेला, तेव्हा एकटीने लेकीला इंजिनिअर केलं. तीच बाई जावयासमोर आली की पदर सावरायची आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणायची. मुलीची आई म्हटलं की वाघिणीचीही शेळी होते, त्याला त्या तरी काय करणार!

आता त्या मोबाइलमध्ये काय होतं, ते आधी सांगायला हवं.

ईश्वरीच्या डाव्या दंडावर, ब्लाउजच्या बाहीखाली, एक चकती चिकटवलेली होती. नाण्यापेक्षा थोडी मोठी, कातडीच्याच रंगाची. तिचं नाव ‘लोहसखी’. चकतीच्या पोटाला केसाहून बारीक सुया होत्या. आईच्या अंगात लोह किती फिरतंय हे त्या थोड्या थोड्या वेळाने मोजायच्या, आणि वार, म्हणजे आई आणि नाळ यांना जोडणारी गादी, आईच्या रक्तात जे पदार्थ सोडते त्यांवरून बाळापर्यंत किती पोचतंय याचा अंदाज बांधायच्या. तो अंदाज म्हणजे बाळआकडा. पंचाहत्तरच्या वर हिरवा, पस्तिसाच्या खाली लाल, मधला सगळा पिवळा.

हे खूळ नव्हतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आईकडून लोह ओढून घेतं आणि पुढच्या सहा महिन्यांची शिदोरी बांधून जगात येतं. रक्तासाठी तर ते लागतंच, पण वाढत्या मेंदूलाही लागतं. शिदोरी कमी पडली तर मूल दिसायला गुटगुटीत असतं, फक्त शिकण्यात आणि लक्षात ठेवण्यात मागे पडू शकतं. आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने बाळंत होत आल्या. सरकारने लोहाच्या गोळ्या दिल्या, तर पोट जड होतं म्हणून बायकांनी त्या कपाटामागे टाकल्या. आणि गोळी घेतली तरी शरीर हवं तेवढंच लोह आत घेतं. यकृतातून हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक सुटतं, ते म्हणजे लोहाच्या कोठीचं कुलूप. हेप्सिडिन वाढलं की कुलूप बंद, कमी झालं की उघडं. लोहसखी दोन कामं करायची. आपल्या इवल्याशा कुपीतून लोह कातडीखाली झिरपवायची, आणि एका औषधाने ते कुलूप उघडंच राहील अशी व्यवस्था करायची.

लोहसखी आल्यापासून चार-पाच वर्षांत जन्मलेली बाळं खरंच लालबुंद होती. त्यामुळे यंत्राला नावं ठेवायला जागाच नव्हती. नावं ठेवायचीच तर ती माणसांना.

*

डोहाळजेवण चिंचवडला, सासरी झालं. ते आटोपून ईश्वरीला पहिल्या बाळंतपणासाठी विट्याला आणायचं, म्हणून विजयमालाबाई तिथे गेल्या होत्या. फुलांनी मढवलेल्या झोपाळ्यावर ईश्वरी, आणि समोर भिंतभर टीव्हीवर हिरव्या रंगात बाळआकडा, एक्याऐंशी. विहीणबाईंनी, म्हणजे अलकाताईंनी, ओटी भरायला आलेल्या प्रत्येकीला तो दाखवला.

“आमच्या सोसायटीत हायेस्ट आहे,” त्या म्हणत. बायका आधी टीव्हीकडे बघत, मग ईश्वरीकडे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते विजयमालाबाईंनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

आतल्या खोलीत साडी बदलताना ईश्वरीने पर्समधून तापाची गोळी काढून गिळली.

“काय गं, बरं न्हाई का?”

“काही नाही. झोप झाली नाही, अंग जरा कसकसतंय. तू आता बोंब मारू नकोस हं आई, बाहेर फोटो चाललेत.”

विजयमालाबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला. फारसं गरम नव्हतं. मग चार-पाच तासांचा गाडीप्रवास. ईश्वरीने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता आणि वाटेतही घेतला नाही, कारण लहानपणापासून आईने तिला तेच शिकवलं होतं. एसटीत निघायचं तर बाईमाणसाने पाणी प्यायचं नाही. प्यायलं तर जायचं कुठे? विट्यापासून मिरजेपर्यंत बायकांना टेकता येईल अशी एक जागा नव्हती, तेव्हाचा तो नियम. आता रस्ते गुळगुळीत झाले, गाड्या विजेवर पळू लागल्या, पण नियम तसाच राहिला. आईच्या अंगवळणी पडलेला, तो लेकीच्याही पडला.

*

विट्याला आल्यावर आठवडा सरायच्या आत आकडा घसरू लागला. एक्याऐंशीचा सत्तर झाला, मग एकसष्ट. हिरव्याचा पिवळा.

अलकाताईंचा फोन आलाच. “अहो विजयमालाताई, घाबरू नका हं, पण आमच्याकडे होती तोवर एक्याऐंशी होता. हवापाणी बदललं की होतं कुणाकुणाला. खाते ना ती नीट? नाही म्हणजे, तुम्ही करतच असाल.”

लेकी बोले सुने लागे, असा तो प्रकार. विजयमालाबाई दिवसभर धुमसल्या. माहेरात लेकीचा आकडा पडावा? त्यांनी लोखंडी कढई घासूनपुसून चुलीवर चढवली. अळिवाचे लाडू, नाचणीची आंबील, मेथी, काळे मनुके, वर लिंबू पिळलेली मटकी. ईश्वरी दोन घास खाऊन ताट सारायची.

“आई, पाठ भरून आलीय. पडू दे मला.”

“सातव्यात पाठ भरतीच. खाऊन पड.”

आकडा त्रेपन्नावर आला, त्या दिवशी विजयमालाबाईंचा धीर सुटला. त्यांनी स्वतःहून जावयाला फोन लावला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी शार्दूलरावांकडे काही मागितलं.

“जावईबापू, ते दंडावरचं वाढवता येतंय का हो? जास्त सोडायला?”

“येतं की, आई. मर्यादेत वाढवता येतं. मी विचारच करत होतो, पण तुम्हाला आवडेल की नाही…”

“वाढवा. बिनघोर वाढवा.”

शार्दूलने चिंचवडमध्ये बसून बोट फिरवलं आणि विट्यात पलंगावर पडलेल्या ईश्वरीच्या दंडात लोहाची धार वाढली. दुसऱ्या दिवशी आकडा सत्तावन्न झाला. विजयमालाबाईंनी अलकाताईंना मुद्दाम फोन करून सांगितलं. आवाजात जरा तोरा होता, नाही असं नाही.

*

त्यानंतरच्या दुपारी ईश्वरीला हुडहुडी भरली. साधीसुधी नाही, पलंग वाजेल अशी. विजयमालाबाईंनी दोन गोधड्या घातल्या, वरून स्वतः मिठी मारली, तरी पोरीचे दात थांबेनात. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. आकडा तेवढा ईश्वरीच्याही मोबाइलवर दिसायचा, आणि तो झरझर उतरत होता. पन्नास, चव्वेचाळीस, एकोणचाळीस.

शेजारच्या पोरांनी गाडी काढली. डॉक्टर रेहाना मुलाणींचं प्रसूतिगृह बसस्टँडच्या मागेच होतं. मुलाणी डॉक्टर मिरजेला शिकत होत्या, तेव्हा रोज विजयमालाबाईंच्याच गाडीने जायच्या. अजूनही त्यांना मावशीच म्हणायच्या.

त्यांनी ईश्वरीला तपासलं. पाठीत, बरगडीच्या खाली, हलकेच बुक्की मारल्यासारखं केलं, तशी ती किंचाळली.

“लघवीला जळजळ होतेय का?”

ईश्वरीने भिंतीकडे तोंड फिरवलं. “चिंचवडला होते तेव्हापासून.”

“अगं मग बोलायचं नाही? लोहसखी रोज सकाळी विचारते. ताप आहे का, जळजळ आहे का. तू काय उत्तर दिलंस?”

“ते प्रश्न माझ्या फोनवर येत नाहीत. शार्दूलच्या येतात. त्याच्या नावावर नोंदणी आहे.” तिला धाप लागली. “त्याला मी हे कसं सांगू? त्याने विचारलंही नाही. तोच ‘नाही’ दाबत असणार.”

“आणि तापाच्या गोळ्या?”

“रोज दोन-तीन. पाहुणे होते. मग इथे आले तर आई काळजी करत बसली असती.”

मुलाणी डॉक्टरांनी सलाइन लावलं, रक्त आणि लघवी तपासायला पाठवली, अँटिबायोटिक चालू केलं आणि विजयमालाबाईंना बाजूला घेतलं.

“मावशी, नीट ऐका. माझा अंदाज आहे की इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत चढलंय; पाणी कमी पडलं की ते वाढतंच. आता गंमत बघा. आपल्यासारखंच जंतूंनाही वाढायला लोह लागतं. गावात दरोडेखोर शिरले की आपण दागिने काय करतो?”

“लपवतो.”

“शरीरही तेच करतं. जंतू आले की यकृत हेप्सिडिन वाढवतं, कोठीला कुलूप लावतं, रक्तातलं लोह लपवून टाकतं. म्हणून तिचा आकडा पडत होता. लोह कमी झालं नव्हतं, शहाण्या शरीराने ते दडवलं होतं. ताप दिसला की लोहसखी स्वतःच थांबते, तशी सोय आहे तिच्यात. पण ताप गोळ्यांनी झाकला आणि प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ गेलं. मग तिला वाटलं, बाईला लोह कमी पडतंय. ती कुलूप उघडून आणखी ओतत राहिली.”

“आणि मी वाढवा म्हणाले.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी म्हणाले, बिनघोर वाढवा.”

आत ईश्वरी काहीतरी बरळत होती. कधी शार्दूलचं नाव, कधी लहानपणीच्या शाळेतल्या बाईंचं. नर्सने रक्तदाब मोजून डॉक्टरांकडे पाहिलं. तो उतरत होता. पोटाला लावलेल्या पट्ट्यावर बाळाचं हृदय पाठलाग झाल्यासारखं धावत होतं.

“मग काढा ना ती चकती!”

“तिथेच अडचण आहे. एकदा काढली की संपलं. सुयांभोवती शरीर एक जाळं विणतं, पुन्हा दुसरी चकती याच गरोदरपणात बसवता येत नाही. पुढचे दोन महिने बाळाला फक्त आईकडून मिळेल तेवढंच लोह. आकडा आत्ताच लालच्या तोंडावर आहे. आणि माझा नुसता अंदाज आहे, मावशी. पक्का रिपोर्ट उद्या येईल. ईश्वरी शुद्धीवर असती तर तिचा शब्द पुरला असता. ती नाही, म्हणजे नोंदवलेल्या माणसाची संमती लागते. रक्तदाब अजून एक पायरी उतरला तर मी कुणाला विचारणार नाही. पण तेव्हा उशीर झालेला असू शकतो.”

शार्दूलचा फोन लागला. तो चिंचवडहून निघाला होता, गाडीतच होता. मागे अलकाताईंचा आवाज येत होता. त्याने डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं, मग कंपनीच्या मदत-कक्षाला जोडून घेतलं. एक गोड, न दमणारा आवाज बोलू लागला.

“बाळआकडा छत्तीस आहे. मेंदूच्या वाढीसाठीची सुरक्षित पातळीच्या खाली आकडा जाण्याची शक्यता आहे. चकती काढण्याचा सल्ला दिला जात नाही.”

“इन्फेक्शन आहे म्हणून सांगितलंय तुम्हाला!” मुलाणी डॉक्टर म्हणाल्या.

“रोजच्या उत्तरांमध्ये इन्फेक्शनची लक्षणं नोंदलेली नाहीत.”

शार्दूलचा श्वास ऐकू येत होता. “डॉक्टर, तुम्ही अंदाज म्हणताय. हे आकडा सांगतायत. उद्या रिपोर्ट आला आणि इन्फेक्शन नसलं, तर माझ्या बाळाच्या डोक्याचं काय? मी तीन तासांत पोचतोय. मला येऊ द्या. मी बघतो, मग ठरवतो.”

“शार्दूल, काढू देऊ नकोस!” अलकाताईंचा आवाज रडवेला होता. “एक्याऐंशी होता रे आपल्याकडे.”

त्या दोघांना ईश्वरी नको होती असं नाही. ती घाबरलेली माणसं होती, आणि घाबरलेल्या माणसाला आकड्याचा आधार वाटतो. विजयमालाबाईंना ते कळत होतं. त्यांनाही तर आठवडाभर तोच आधार होता.

त्या ईश्वरीच्या उशाशी गेल्या. पोरीचे ओठ कोरडे पडून फाटले होते. बोटांची नखं निळसर दिसत होती. बावीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट पाळली होती. गाडी सुटताना कुणाचं पोर दारात अडकलेलं दिसलं, तर कंडक्टर डेपोत फोन करून विचारत बसत नाही. दोरी ओढतो. मग ड्रायव्हर ओरडो, प्रवासी ओरडोत, साहेब मेमो देवोत. एक बेल म्हणजे गाडी उभी.

आपण चुकलो तर? हा विचार त्यांच्या मनात आलाच नाही असं नाही. चुकलो तर नातवंडाच्या तोंडाकडे जन्मभर बघवणार नाही, आणि लेकीच्याही. त्यांनी पलंगाचा कठडा धरला.

“डॉक्टर, ती कशी काढत्यात?”

मुलाणी डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. “मावशी, मी तुम्हाला काढा म्हणू शकत नाही.”

“म्हणू नका. कशी काढत्यात एवढंच सांगा.”

“अर्धी फिरवायची. मग सरळ ओढायची. वाकडी ओढली तर सुया आत मोडतील.”

“आई?” फोनमधून शार्दूल ओरडला. “आई, काय करताय तुम्ही? आई, थांबा!”

विजयमालाबाईंनी बाही वर सारली, चकती अर्धी फिरवली आणि सरळ ओढली. दंडावर रक्ताचे बारीक ठिपके उमटले. ईश्वरी कण्हली. फोनमधला गोड आवाज म्हणाला, “लोहसखी निघाली आहे. बाळआकडा उपलब्ध नाही.”

*

शार्दूल पोचला तेव्हा ईश्वरीला ग्लानी होती, पण रक्तदाब उतरायचा थांबला होता. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मूत्रपिंडाचंच इन्फेक्शन, आणि जंतू रक्तातही उतरलेले. डॉक्टरांनी तो शार्दूलच्या हातात दिला. त्याने वाचला, घडी घातली.

“ते ठीक आहे,” तो म्हणाला. “पण बाळाचं काय झालं असेल, ते आता कसं कळणार?”

हा प्रश्न खरा होता. विजयमालाबाईंना वाटलं होतं, रिपोर्ट आला की सगळं निवळेल. कुठलं निवळायला! शार्दूलने त्यांना ‘आई’ म्हणणं सोडलं. ‘अहो, जरा पाणी देता का,’ ‘अहो, डॉक्टर आले का.’ अलकाताई दुसऱ्याच दिवशी चिंचवडला परतल्या आणि मग फक्त ईश्वरीच्या फोनवर बोलायच्या. विहीण-विहिणीचं बोलणं असं तुटलं, की जणू कधी नव्हतंच.

ईश्वरी हळूहळू सावरली. एका सकाळी उन्हात केस वाळवत बसली असताना तिने विचारलं, “आई, खरं सांग. तू तेव्हा मला निवडलंस ना? बाळाला नाही.”

विजयमालाबाई तिच्या केसातला गुंता काढत होत्या. “मला दोन दिसतच नव्हती गं. एकच दिसत होती. तू.”

“आणि बाळाला काही झालं असलं तर?”

“तर त्याला मी सांगेन. तू न्हाई सांगायचं.”

ईश्वरीने आईचा हात ओढून पोटावर ठेवला. बाळाने लाथ मारली. लाथेवरून लोह कळत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

पुढचे दोन महिने त्या घरात आकडा नव्हता. सुरुवातीला ईश्वरीचा हात आपोआप मोबाइलकडे जायचा, आणि तिथे काही नसायचं. डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्फेक्शन पूर्ण गेल्यावर साध्या लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याच, कपाटामागे टाकायच्या. शरीर घेईल तेवढं घेईल. विजयमालाबाई गोळी गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या आणि त्यावर तासभर चहा मिळू द्यायच्या नाहीत, कारण चहा लोह अडवतो. तपासणीला सांगलीला जायचं असलं की पाण्याची मोठी बाटली स्वतः लेकीच्या हातात द्यायच्या. वाटेत दिसेल त्या हॉटेलासमोर गाडी थांबवायच्या, मालकाशी भांडून संडासाची किल्ली मिळवायच्या आणि दाराबाहेर राखण करत उभ्या राहायच्या. स्वतःच घातलेला नियम स्वतःच मोडत होत्या, दर दहा मैलांवर.

*

कळा सुरू झाल्या तेव्हा शार्दूल विट्यातच होता. मुलाणी डॉक्टरांकडे नवऱ्याला आणि आईला आत थांबू देत. बाहेर व्हरांड्यात, आत बोलावणं यायच्या आधी, दोघं एका बाकावर बसली. मध्ये एका माणसाची जागा मोकळी.

“मी रोज सकाळी ते प्रश्न बघायचो,” शार्दूल अचानक म्हणाला. समोरच्या भिंतीशी बोलावं तसं. “दात घासता घासता. तिला न विचारता ‘नाही’ दाबायचो. मला वाटायचं, काही असतं तर तिने सांगितलंच असतं.”

“आणि वाढवा म्हणाले ती मीच, शार्दूलराव. विहीणबाईंना दाखवायचं होतं मला.”

त्याने मान हलवली. मोकळी जागा तशीच राहिली. तेवढ्यात नर्सने दोघांना आत बोलावलं.

आत काय झालं ते सगळ्या बाळंतपणात होतं तेच. ईश्वरीने आईचा हात इतका आवळला की बांगडी फुटली. आणि मग मुलगी झाली. ओली, चिडलेली, मुठी आवळलेली. डॉक्टरांनी तिला पुसून ईश्वरीच्या पोटावर ठेवलं. नाळ अजून जोडलेली होती, जाड, निळसर, पीळ पडलेली.

नर्सने एक लहानसं यंत्र ट्रेवर आणून ठेवलं. नाळेच्या रक्तातून लोह सांगणारं. ट्रेमध्ये कात्रीही होती, कारण नाळ बापाने कापायची ही आताची रीत. खिडकीत ठेवलेल्या शार्दूलच्या मोबाइलवर अलकाताई होत्या.

“मुलगी? अगं बाई! आणि आकडा? शार्दूल, आकडा किती आला?”

शार्दूलने कात्री उचलली. विजयमालाबाईंनी त्याचा चेहरा पाहिला. दोन महिने हा माणूस या क्षणासाठी जागला होता. आता समोर यंत्र होतं आणि ते काही पळांत सांगणार होतं, की सासूने त्याच्या मुलीचं वाटोळं केलं की नाही.

“डॉक्टर, चिमटा लावा,” तो म्हणाला.

मुलाणी डॉक्टरांनी चिमटा हातात घेतला, पण लावला नाही. “आत्ता लावला तर यंत्रापुरतं रक्त नाळेत मिळेल आणि तुम्हाला आकडा लगेच कळेल. पण एक सांगते. बाळाचं बरंचसं रक्त या घडीला अजून वारेत आहे. नाळ धडधडतेय तोवर ते तिच्याकडे येत राहतं, आणि त्यातलं लोह तिला पुढे कित्येक महिने पुरतं. थांबलात तर नाळ रिकामी होईल, यंत्राला काही उरणार नाही. मग आकडा दीड-दोन महिन्यांनी, टाचेतून. आकडा आत्ता हवा की लोह, तुम्ही ठरवा.”

विजयमालाबाईंच्या जिभेवर शब्द आला. थांबा. पण त्यांनी ओठ घट्ट मिटले. एकदा त्यांनी दोरी ओढली होती. आता गाडी त्याची होती. त्यांनी फुटलेल्या बांगडीचा तुकडा मुठीत दाबून धरला आणि जावयाच्या हाताकडे बघत राहिल्या.

“शार्दूल? अरे, दिसत नाहीये काही. आकडा आला का?”

“अजून धडधडतेय?” शार्दूलने विचारलं.

डॉक्टरांनी त्याचं बोट धरून नाळेवर टेकवलं. त्याचा चेहरा बदलला. बोट त्याने काढलं नाही. दुसऱ्या हाताने कात्री ट्रेमध्ये परत ठेवली आणि खिडकीकडे न बघता म्हणाला, “मम्मी, थांब. अजून येतंय तिला.”

खोलीत फक्त मुलीचं रडणं होतं, तेही हळूहळू कमी झालं. ईश्वरी पाणी मागत होती. नर्सने यंत्र बंद करून कोपऱ्यात सरकवलं. नाळेची निळाई विरत गेली, ती पांढुरकी झाली, मऊ पडली. आईच्या पोटावरची पोर मात्र गुलाबीची लालसर होत होती. तिच्या कानाच्या पाळ्यासुद्धा.

“थांबली,” शार्दूल म्हणाला. डॉक्टरांनी दोन चिमटे लावले.

त्याने कात्री उचलली, पण स्वतः कापलं नाही. मुठीकडून ती सासूसमोर धरली.

“आई,” तो म्हणाला, “तुम्ही कापा.”

विजयमालाबाईंना कात्री नीट दिसेना. त्यांनी पदराने डोळे पुसले, बांगडीचा तुकडा ट्रेमध्ये ठेवला आणि कात्री घेतली.